पळायचा सदरा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ जानेवारी २०२६

कांचन,

आशीर्वाद वगैरे खाली लिहीन, आदी कामाचं.

नाव घातलं. बावीस फेब्रुवारी, रविवार, पाच किलोमीटर. दवाखान्याच्या ट्रस्टची धाव हाय, गोळा झालेलं सगळं गरीब बायकांच्या कॅन्सरच्या उपचाराला जाणार. छातीवर लावायला नंबर बी मिळतो म्हणे. तुझ्या भावाला अजून सांगितलं न्हाय.

आता तुझं तोंड बगायला पायजे हुतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलीस, बाकीच्या बायका बाहेर वाण घेत बसल्या, आणि तू मला स्वैपाकघरात वडून माझा हात धरून डावीकडं लावलास. आवळ्याएवढी गाठ. कधीपासनं म्हटलं तर गणपतीपासनं. इतकं महिनं झालं आणि तू लोकांचे ब्लाऊज शिवत बसलीयस. मी म्हटलं, उद्याच्या उद्या दवाखान्यात चल. तर तू काय म्हणालीस? "वैनी, ऑपरेशन झाल्यापासनं तुम्हीच पदराला दोन पिना लावून फिरताय, ब्लाऊजात कापडाचा बोळा भरताय, दारात दूध घ्यायला बी शाल गुंडाळून जाताय. तुम्ही बोळा न भरता भर रस्त्यात त्या धावंच्या पोस्टरवरच्या बायकांसारखं पळून दाखवा, दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरपुढं उभी राहते."

तुला वाटलं, ही मेली तरी असलं करणार न्हाय. म्हणूनच म्हणालीस. तू पाचवीत असल्यापासनं मी वळखते तुला. शाळंच्या वेण्या मी घातल्यात तुझ्या.

पण माझं म्हणणं असं की धावंची वाट बगूच नको. सोमवारी ये. माझ्या वेळची डॉक्टरीण बाई काय म्हणालती ते सांगते: दुखत न्हाय म्हणून ती चांगली गाठ, असं नसतं.

फोनवर हा विषय नको म्हणालीस. घरात सासरा, दीर, पोरं, सगळ्यांचं कान तिकडं. बरं. म्हणून लिहितीया. चौथी शिकल्याली बाई हाय, अक्षराला हसू नको. मसाल्याच्या डब्यांबरोबर आकारामच्या टेम्पोतनं पिशवी येईल आणि जाईल. वर चार ब्लाऊज टाकलेत. ब्लाऊजच्या पिशवीत कुठला पुरुष हात घालत न्हाय.

सोमवारी येणार नसलीस तर पळायला काय घालू ते तरी सांग. साडीत पळता येत न्हाय, आणि दुसरं मी जन्मात काय घातलं न्हाय. शिवणार तूच.

शालन
(आशीर्वाद.)


इचलकरंजी
२३ जानेवारी

ती. वैनींना कांचनचा नमस्कार.

पिशवी मिळाली. तुम्ही खरंच नाव घातलंत. वाचून मी शिलाई मशीनवरनं उठून खाली फरशीवर बसले. मी आपलं तोंडाला आलं ते बोललेवते. पण बोलले ते बोलले, आता मागं फिरत न्हाय. तुम्ही बाविसला पळा, तेविसला मी जाते. त्याच्या आदी नको.

सोमवारी यायचं तर घरात कारण सांगायला लागतं, आणि खरं कारण सांगितलं की मामंजींच्या तोंडातनं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या मागांवर पोचतं. गाठ दुखत न्हाय, वाढलेली बी वाटत न्हाय. शेजारच्या आजींनी एक लेप दिलाय, तो लावतेय. जरा मऊ पडल्यासारखी वाटते.

कपड्याचं माझ्यावर सोडा. ह्यांच्या मागावरचं सुती कापड हाय, दोन धुण्यांत लोण्यासारखं होतं. इचलकरंजीत राहून बाजारातलं प्लास्टिकचं कापड अंगाला लावायचं व्हय? घाम सुतीच पिणार. तुम्ही माप पाठवा. खरं माप पाठवा, बोळा काढून. खाली पँट शिवू का सलवार? दादा काय म्हणाला?

मिरच्यांचा हंगाम सुरू झाला असंल. डाव्या हातानं पोती वडू नका.

तुमची,
कांचन


मंगळवार पेठ
२८ जानेवारी

कांचन,

पयला तो लेप धुऊन टाक. मऊ पडली म्हणे. ती काय भिजत घातल्याली डाळ हाय?

शाहूपुरीत खेळाच्या कपड्यांच्या दुकानात गेलते. तिथल्या पोरीनं इचारलं, कुणासाठी पायजे. म्हटलं, माझ्यासाठी. मग ती जरा सावरून उभी राहिली आणि तिनं एक काळी पँट काढली. पँट कसली, पायाला रंग दिल्यासारखी. म्हटलं बाई, ही घालून मी दाराबाहेर पडले तर आमच्या गल्लीला शिमग्यापर्यंत दुसरा विषय नको. वरचा शर्ट दाखवला तो सुळसुळीत, घाम लगेच वाळतो म्हणाली. मी म्हटलं, आमची नणंद इचलकरंजीची हाय, सुती शिवून देणार हाय. ती हसली. का हसली ते कळलं न्हाय.

ट्रस्टनं एक गुलाबी टी-शर्ट दिलाय. न्हाणीत जाऊन घालून बघितला. डोक्यातनं घालायचा. उजवा हात गेला, डोकं गेलं, आणि डावा हात खांद्याच्या वर जात न्हाय हे तुला ठाऊकच हाय. अडकले. वर जाईना, खाली येईना, आत सगळा अंधार. शेवटी तुझ्या भावाला हाक मारायला लागली. तो कात्री घेऊन आला. म्हटलं कापू नको, वडून काढ. काढल्यावर इचारलं, हे काय? सांगितलं. तुझं न्हाय सांगितलं, माझं सांगितलं. तो कितीतरी वेळ त्या टी-शर्टची घडी घालत बसला. मग म्हणाला, "लोक बगतील, शालन."

म्हटलं, बगू देत की. म्हणून तर टाकलं, पण लगेच पदराच्या पिना चाचपून बघितल्या.

उजवीकडचं माप माझ्या जुन्या ब्लाऊजवरनं घे. डावीकडं माप न्हाय. पाठीसारखं सपाट शिव. पुढनं उघडणारं पायजे. लांबीला मांडीपर्यंत. खाली सलवार चालंल, घोळ कमी ठेव, पायात यायला नको. शनिवारपर्यंत पाठव, मला घालून पळून बगायचं हाय. सकाळी शाळंच्या मैदानावर जाते, अजून साडी खोचूनच. अर्धी फेरी झाली की बोळा सरकत सरकत गळ्याशी येतो. मग भिंतीकडं तोंड करून तो खाली ढकलायचा आणि परत पळायचं.

तेविसची वाट का बगायची ते मला सांग. लाज वाटत्या म्हणून? त्या डॉक्टर लोकांनी रोज ढिगानं बायका तपासल्याल्या असत्यात. तुझं काय येगळं हाय?

शालन


मंगळवार पेठ
५ फेब्रुवारी

सौ. कांचनवन्संना शालनचा साष्टांग दंडवत.

आपण फार कामात दिसता. आकाराम दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा डबं परत आलं, घासून पुसून लख्ख. आत कापड न्हाय, चिठ्ठी न्हाय. फोन केला तर "व्हय वैनी, ठेवते वैनी". मागं शिलाई मशीन ऐकू येत हुतं, म्हणजे हात मोडलेला न्हाय.

मी अडाणी असंल, बावळट न्हाय. सदरा न्हाय तर मी पळणार न्हाय, मी पळाले न्हाय तर तुला जायला नको. असंच चाललंय न्हवं तुझं?

ऐक. शनिवारच्या टेम्पोतनं सदरा आला न्हाय तर मी मिरचीचं कांडप बंद ठेवून पयल्या गाडीनं येते, तुझ्या सासऱ्यापुढं सोप्यात बसते आणि सगळं मोठ्यांदा सांगते. मशीनच्या आवाजावर बोलून बोलून माझा आवाज कसा झालाय ते तुला म्हाईत हाय. मामंजींना संध्याकाळपर्यंत थांबायची बी गरज पडणार न्हाय.

शालन


इचलकरंजी
७ फेब्रुवारी

वैनी, असं करू नका. सदरा आणि सलवार पाठवलीय. लग्नाचे ब्लाऊज हातात हुते म्हणून उशीर झाला, दुसरं काय न्हाय. पुढनं बटणं लावलीत. डावी बाजू तुम्ही म्हणालात तशी.

नवं कापड हाय, देवापुढं ठेवून हळदीचं बोट लावा आणि घडी त्या दिवशीच मोडा. तोवर घालू नका, तसंच असू द्या.

बाकी ठीक.
कांचन


मंगळवार पेठ
११ फेब्रुवारी

कांचन,

मी त्या दिवसाची वाट बगत बसणारी बाई हाय का? दुसऱ्याच दिवशी घडी मोडली. काय झालं ते ऐक आणि मग हसायचं का रडायचं ते तू ठरव.

सदरा मी रात्री कांडपाच्या खोलीतल्या खुंटीला अडकवलता. खोलीत लवंगी मिरचीची तीन पोती कांडून झालीवती. तुला ती धूळ म्हाईत हाय, डोळ्याला दिसत न्हाय. सकाळी मैदानावर गेले, बोळा घरी ठेवला, पयली फेरी मस्त झाली. मनात म्हटलं, कांचनचा हात तो कांचनचा हात. दुसऱ्या फेरीला घाम आला. तुझ्या सुती कापडानं घाम प्याला तो प्याला, वर मिरची मिसळली. काखेत, मानंवर, मांड्यांत, सगळीकडं आग. ओला सदरा पोत्यासारखा जड होऊन अंगाला चिकटला. मी तशीच वरडत घरी. तुझ्या भावानं घरातलं सगळं दही माझ्या अंगाला थापलं. शेजारीण पापड लाटायला पोळपाट मागायला आली आणि दारातनंच परत गेली.

इथपर्यंत चूक माझी. मिरचीच्या खोलीत कापड मी ठेवलं.

पण पुढचं माझं न्हाय. डाव्या बाजूला आतनं तू जाड शिलाई घातलीयस, दुहेरी. ती बरोब्बर माझ्या वणावरनं गेली. दोन फेऱ्यांत कातडं सोललं. आज तिसरा दिवस, अजून पदर टेकवता येत न्हाय. तो वण कुठनं कुठवर हाय हे या जगात मी सोडून एकाच बाईला पाठ हाय. दवाखान्यातनं आल्यावर रोज सकाळी तो धुणारी तू. बोट लावून सांगशील तू, अंधारात सांगशील. मग शिलाई तिथंच कशी आली? 

मी इचारतीया. गोड बोलून उत्तर देऊ नको.

शालन


इचलकरंजी
१३ फेब्रुवारी

वैनी,

गोड बोलत न्हाय.

कापताना मला वण आठवत हुता. शिलाई दोन बोटं खाली घ्यायची हे बी ठाऊक हुतं. हात तिथंच चालला. मी थांबवला न्हाय. तुम्हाला लागलं तर तुम्ही घरी बसाल आणि मग मला कुणी काय म्हणणार न्हाय, एवढंच डोक्यात हुतं. तुमचं कातडं सोललं हे वाचल्यापासनं जेवण जात न्हाय.

तुम्ही लाजेचं इचारताय. लाज न्हाय वैनी. तुम्हाला लाज वाटते म्हणून तुम्हाला वाटतं सगळ्यांना तीच. मला भ्या वाटतं. तुम्ही तुमची जखम कधी बघितली न्हाईत. पट्टी सोडताना तुम्ही छताकडं बगत हुता आणि मला शिव्या देत हुता, हळू कर म्हणून. मी बगत हुते. तुमच्यापुढं हसत हुते, गमती सांगत हुते, आणि मागच्या दारात जाऊन उलटी करत हुते. ते मला माझ्या अंगावर दिसतं. गाठीला हात लागला की तेच दिसतं. डॉक्टरांनी नाव घेतलं की ते खरं होणार, तोवर ती नुसती गाठ हाय.

दुसरा सदरा शिवतेय. दुकानातलं सुळसुळीत कापड आणलंय, घाम न धरणारं. ती पोरगी का हसली ते मला आता कळलं. सगळ्या शिलाया बाहेरच्या बाजूनं घेतेय, आत अंगाला काहीसुद्धा लागणार न्हाय. दिसायला उलटा दिसंल, दिसू दे.

तुम्ही पळा. तेविसचं मी शब्दाला जागेन का, ते मला म्हाईत न्हाय. खरं सांगितलं.

कांचन


मंगळवार पेठ
१५ फेब्रुवारी

कांचन,

शिलाईचं झालं ते झालं, कातडं येतं परत. त्यावर आणखी एक शब्द लिहू नको, माझा वेळ जातो.

भ्या वाटतं म्हणालीस, ते पयल्यांदा खरं बोललीस. पण अर्धंच बघितलंस तू. जखम बघितलीस, मी आडवी पडल्याली बघितलीस, केस गेल्याली बघितलीस. मग तू तुझ्या घरी गेलीस. त्याच्यानंतरचं बघितलं कुठं? त्याच्यानंतर मी तीन हंगाम कांडप चालवलं. तुझ्या भावाशी रोज भांडले. परवा दोन फेऱ्या पळाले, तेबी पेटलेल्या अंगानं. ते बी त्याच वणाच्या बाईनं केलं की.

आणि मी बोळा का भरते ते तुला म्हाईत न्हाय, तू लाजेवर घातलंस. लाज हाय, न्हाय कशाला म्हणू. पण जास्त काय हाय, की बायांनी बघितलं की "बिचारी" म्हणतात. ते मला सोसत न्हाय. बावीस तारखेला रस्त्यावर सगळ्या मिळून बिचारी म्हणणार, आणि मला ते ऐकत पळायचं हाय. मी ते तुझ्यासाठी करतीया. ट्रस्टसाठी न्हाय, गोरगरिबांसाठी बी न्हाय. देवानं ऐकलं तर ऐकू दे.

आता दुसऱ्या सदऱ्याचं. कोरा सदरा घालून पळायची चूक मी परत करत न्हाय. एकदा अंगावर वागवल्याला पायजे. आपल्यात नव्या साडीची घडी नणंदेकडनं मोडून घेत्यात. ह्याची घडी तू मोड. घाल, घालून पाणी भर, झाड, मशीनवर बस, घाम येऊ दे. कुठं काचतंय ते बग, नीट कर, मग धुऊन पाठव.

शालन


इचलकरंजी
१८ फेब्रुवारी

वैनी,

सदरा पाठवलाय. धुतलाय, आणि मिरचीच्या खोलीपासनं लांब ठेवा.

घडी मोडली. पाठीला, काखेत, गळ्याला छान बसला. घाम आला तरी जड झाला न्हाय. उजवीकडं ठीक. डावीकडं बटणं लागेनात. लागणार कशी, ती बाजू तुमच्या मापाची, सपाट. वडून दोन लावली तर गाठ दाबली आणि कळ आली. तशीच आरशापुढं उभी राहिले. एक बाजू तुमची आणि एक माझी. मग मी तो काढला न्हाय, अंगात घालूनच भांडी घासली.

दोन दिवस मशीनवर बसता आलं न्हाय म्हणून पाठवायला आज उजाडलं. काळजीचं काय न्हाय.

रविवारी मला यायला जमंल असं वाटत न्हाय. माझी वाट बगू नका. सावकाश पळा.

कांचन


मंगळवार पेठ
२२ फेब्रुवारी, रविवार

कांचन,

पळाले. अंघोळ न करता लिहायला बसलीया.

सकाळी घालताना तुझा भाऊ दारात उभा हुता. बोळा हातात घेतला, ठेवला, परत घेतला. तो म्हणाला, "घाल की, कोण इचारतंय." म्हटलं, एकजण इचारतीया. ठेवून दिला. त्या सदऱ्यात मी आरशात बघितलं न्हाय. बघितलं असतं तर शाल शोधली असती.

मैदानावर हीऽ गर्दी. सगळ्या गुलाबी आणि मी एकटी निळी. एक शिकल्याली मुलगी जवळ येऊन कानात म्हणाली, काकी, तुमचा शर्ट उलटा झालाय. म्हटलं, शिवणारीचं डोकं सुलट हाय, तू काळजी करू नको. नंबर लावायला पिना दिल्या. मी चारी पिना नंबरलाच लावल्या, पदर न्हवताच.

शिट्टी वाजली आणि सगळ्या सुटल्या. रंकाळ्यापर्यंत मी बी पळाले. तिथं आपली दरवर्षीची गिऱ्हाईक, पन्हाळा रोडची, मुलीला घेऊन उभी. मला बघून हात वर केला आणि मग तिची नजर डावीकडं आली. हात तसाच वर राहिला. मला वाटलं, आता ती तो शब्द म्हणणार. खोटं सांगत न्हाय कांचन, तिथनं घराकडं वळायचा बोळ हाय, मी त्या बोळाकडं बघितलं आणि परत तिच्या डोळ्यात बघितलं. मग तिनं रस्त्याकडं बघितलं. नजर शेवटी तिनं फिरवली, मी न्हाय. मी पुढं गेले. काय म्हणाली असंल ती माझ्या मागं, ते म्हाईत न्हाय. ऐकायला थांबले न्हाय.

नंतर निम्मं पळाले, निम्मं चालले. तुझा भाऊ पलीकडच्या बाजूनं पाण्याची बाटली घेऊन चालत हुता, माणसांकडं न बघता. सदरा कुठं काचला न्हाय, कुठं चिकटला न्हाय. अंगावर काय हाय हेच शेवटी इसरले. ते तेवढं तुला सांगायचं हुतं.

संपलं तिथं दोरीच्या पलीकडं माणसं उभी हुती. मी तोंडं बघत गेले, एकेक. तू न्हवतीस. वाट बगू नका म्हणालतीस, तरी बघितली.

माझं झालं. उद्या तेवीस. मी दिवसभर कांडप बंद ठेवून बसणार हाय. येतीस का मी येऊ?

शालन


इचलकरंजी
२५ फेब्रुवारी

ती. वैनींना नमस्कार.

रागावू नका, तेविसला मी आले न्हाय आणि फोन बी उचलला न्हाय. हातात कागद पडल्याशिवाय मला तुमच्याशी बोलायचं न्हवतं. काल पडला.

मी गेले हुते, वैनी. तुम्ही पळायच्या आदीच गेले. सदरा घालून भांडी घासत हुते तेव्हा हे मागावरची पाळी संपवून घरी आले. म्हणाले, हे काय घातलंयस, एका बाजूला बटणं का उघडी? मी सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, गणपतीपासनं. त्यांनी तशीच चप्पल घातली, मागावर परत जाऊन सुट्टी सांगून आले, आणि दुसऱ्या दिवशी मला इथल्याच दवाखान्यात घेऊन गेले. मामंजींना सांगितलं, दाढेचं दुखणं हाय.

डॉक्टर पुरुषच हुते. सोनोग्राफी केली, सुई घालून तुकडा काढला. म्हणून दोन दिवस मशीनवर बसता आलं न्हाय. तुम्हाला कळवलं न्हाय, कारण तुम्ही पळणं सोडून इकडं आला असता, आणि मला तुम्ही पळायला पायजे हुता. 

कागदावर तेच नाव आलंय. अजून पसरलेलं दिसत न्हाय म्हणाले, पण थांबू नका म्हणाले. ऑपरेशन कोल्हापुरात, तुम्ही गेलावता तिथंच करायचं ठरवलंय. सोमवारी दाखल व्हायचं. ह्यांनी मामंजींना काल खरं सांगितलं. मामंजी अजून कुणाला काय बोलले न्हाईत, हे बी नवलच.

तुमचं पत्र पाच वेळा वाचलं. रंकाळ्याजवळच्या बोळापाशी प्रत्येक वेळी थांबते.

भ्या गेलेलं न्हाय. तसंच घेऊन येतेय. काय काय कपडे आणू तेवढं कळवा. मला काहीच सुचत न्हाय.

कांचन


मंगळवार पेठ
२६ फेब्रुवारी

कांचन,

आकाराम टेम्पो सुरू ठेवून दारात उभा हाय म्हणून भराभर लिहितीया. तू आदीच गेलतीस आणि मला एका शब्दानं बोलली न्हाईस, त्याचं भांडण मी राखून ठेवलंय. तू बरी झालीस की काढीन.

कपड्यांचं ऐक.

डोक्यातनं घालायचं एक बी आणू नको. पुढनं बटणाच्या मॅक्स्या आण, सैल, बाह्यांना रुंद. डावा हात लवकर वर जात न्हाय. नवं कायबी घेऊ नको, धुऊन धुऊन विरल्यालं आण, तेच अंगाला बरं वाटतं. रंग गडद असू दे. परकर नाडीचा नको, इलॅस्टिकचा आण, एका हातानं नाडी बांधता येत न्हाय आणि नर्सला दरवेळी हाक मारायला तुला आवडणार न्हाय. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र दाजींकडं देऊन ये, तिथं सगळं काढायलाच लावतात. थंडी वाजते, कानाला बांधायला काहीतरी घे. चप्पल मागनं पट्टा नसल्याली.

आणि एक. ऑपरेशन झालं की बाजूनं एक नळी बाहेर काढतात आणि तिला खाली बाटली लावतात, घाण पाणी जायला. माझ्या वेळंला ती बाटली ठेवायला जागाच न्हवती. मी पलंगावरनं उठले की तू ती हातात धरून माझ्या मागनं न्हाणीपर्यंत यायचीस, पदर सांभाळत, घरात माणसं असली तर पाठ करून. ती मी तुझी धरीन, ते इचारूच नको. पण दिवसा मला कांडप बी बघायचं हाय, आणि तू काय गप पडून राहणारी न्हवंस. तवा मॅक्सीला आतल्या बाजूनं, कमरेच्या जरा वर, एक खिसा शिव. बाटली उभी बसंल एवढा, शिलाई बाहेरनं घे.

दोन मॅक्स्यांना शिव. एक धुवायला पडते.

शालन